सुगम स्नानगृह

सुगम स्नानगृह : वार्धक्य, आजार किंवा अपंगत्व यांमुळे ज्यांच्या हालचालींवर मर्यादा आल्या आहेत, अशा व्यक्तींना स्नान, शौच व मुखमार्जन ही नित्यकर्मे सुरक्षितपणे आणि होता होईल तो दुसऱ्याच्या मदतीवाचून करता यावीत, अशा रीतीने आखलेले न्हाणीघर व त्यालगतचे शौचालय. अपंगांना (अलीकडील शासकीय संज्ञेनुसार दिव्यांगांना) उपयुक्त अशा वास्तूच्या सर्व अंगांत स्नानगृहाचे नियोजन सर्वांत अवघड समजले जाते. घरातील सर्वांत लहान जागा, ओली जमीन, विवस्त्र देह, एकांताची आवश्यकता आणि उठण्या-बसण्याच्या अत्यंत कष्टाच्या क्रिया या साऱ्या गोष्टी येथे एकत्र येतात.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सु. १०.३८ कोटी, तर अपंगांची सु. २.६८ कोटी होती, महाराष्ट्रात सु. २९.६ लाख अपंग नोंदविले गेले. हे दोन्ही वर्ग अंशतः एकमेकांत मिसळलेले आहेत. गुडघ्याच्या संधिवाताने उकिडवे बसणे अशक्य झालेली वृद्धा स्वतःला अपंग म्हणवून घेत नाही आणि कोणत्याही यादीत तिचे नाव नसते. परंतु स्नानगृहाच्या आखणीच्या दृष्टीने तिची अडचण अपंगाच्या अडचणीहून वेगळी नाही.

गैरसोयीचे परिणाम केवळ घसरून पडण्यापुरते मर्यादित नसतात. रात्री अंधारात बाहेर जावे लागू नये म्हणून अनेक वृद्ध सायंकाळनंतर पाणी पिणे सोडतात; काही जण जेवणही कमी करतात. त्यातून बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग व अशक्तपणा उद्‌भवतो आणि अशक्तपणामुळे पडण्याची शक्यता वाढते. विदर्भातील आदिवासी भागात या सवयीस आणखी गंभीर बाजू आहे. सिकलसेल या नावाने परिचित असलेला आनुवंशिक रक्तविकार (दात्रकोशिका पांडुरोग) या भागात आढळतो. या विकारात मांडीच्या हाडाच्या शीर्षाचा रक्तपुरवठा खंडित होऊन ते ढासळू शकते व ऐन तारुण्यात खुब्याचा सांधा निकामी होतो. अशा रुग्णास उकिडवे बसता येत नाही. दुसऱ्या बाजूस, शरीरातील पाणी कमी झाल्यास याच रोगात तीव्र वेदनांचा झटका येतो. म्हणजे ज्या शौचालयात बसवत नाही, ते टाळण्यासाठी पाणी कमी पिणारा रुग्ण रोगालाच आमंत्रण देतो. म्हणून आसनाची उंची वा दाराची रुंदी या बाबी सोयीच्या न राहता उपचाराचाच भाग ठरतात.

मानकांचा विकास : अपंगांना वापरण्याजोग्या इमारतींचा पद्धतशीर विचार दुसऱ्या महायुद्धानंतर, जखमी सैनिक व पोलिओग्रस्त यांच्या पुनर्वसनातून सुरू झाला. अमेरिकेत यासंबंधीचे पहिले राष्ट्रीय मानक १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये स्वतः पोलिओग्रस्त असलेले वास्तुविशारद सेल्विन गोल्डस्मिथ यांचा यासंबंधीचा ग्रंथ १९६३ मध्ये, तर स्नानगृहातील मानवी हालचालींचा अलेक्झांडर किरा यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेला अभ्यास १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतात भारतीय मानक ४९६३ (सुधारित आवृत्ती १९८७), राष्ट्रीय इमारत संहिता आणि केंद्रीय नगरविकास मंत्रालयाची २०१६ व २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वे ही प्रमुख साधने होत. त्यांतील मापे उपयुक्त असली, तरी ती मुख्यतः पक्क्या बांधकामाची सार्वजनिक इमारत, चाकाची खुर्ची आणि नळाचे पाणी गृहीत धरतात. ग्रामीण घरात ही तिन्ही गृहीतके एकाच वेळी क्वचितच खरी ठरतात. म्हणून पुढील विवेचनात मेळघाटातील धारणी (जि. अमरावती) व वऱ्हाडचा सपाट प्रदेश यांतील परिस्थिती विशेषतः लक्षात घेतली आहे.

स्थानिक परिस्थिती : धारणी हे मेळघाटातील तालुक्याचे ठिकाण अमरावतीपासून सु. १५० किमी. अंतरावर, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत आहे. तालुक्यात कोरकू जमातीची वस्ती मोठी आहे. कोरकूंची पारंपरिक घरे रुंद रस्त्याच्या दुतर्फा, समोरासमोर दोन रांगांत असतात. भिंती बांबूच्या कुडाच्या व मातीने लिंपलेल्या आणि छप्पर कवेलूचे असते. न्हाणी घरामागे, बहुधा एखाद्या दगडी फरशीपुरती व आडोशाने झाकलेली असते. स्वच्छ भारत अभियानात (२०१४ पासून) बांधण्यात आलेले शौचालय असल्यास ते त्याहून दूर, सु. ०.९ × १.२ मी. मापाचे व दोन-तीन पायऱ्यांच्या जोत्यावर उभे असते. वऱ्हाडच्या सपाट प्रदेशात घरे विटांची व पक्की असली, तरी काळी जमीन आणि खारे पाणी यांमुळे वेगळ्याच अडचणी उद्‌भवतात. त्यांचा उल्लेख पुढे यथास्थळी येईल.

जागेची निवड व वाट : नियोजनाचा आरंभ स्नानगृहापासून न करता रुग्णाच्या खाटेपासून करावा. खाटेवरून उठणे, वळणे, उंबरा ओलांडणे, अंगण पार करणे, पायरी चढणे, दार उघडणे, बसणे आणि हीच सर्व साखळी उलट क्रमाने पार पाडणे, यांपैकी कोणतीही एक कडी तुटली की उत्तम साधनांनी सजविलेले स्नानगृह निरुपयोगी ठरते. म्हणून भिंती आखण्यापूर्वी संबंधित व्यक्तीस दिवसा व एकदा रात्री ही वाट चालावयास सांगून ती कोठे थांबते, हात कशाला लावते व किती वेळा दम घेते, हे पाहणे अत्यंत उपयुक्त होय. भिंतीवरील हाताचे मळकट ठसे हे आधारदांडीची योग्य जागा दाखविणारे सर्वांत भरवशाचे चिन्ह आहे.

पायऱ्यांचा प्रश्न जागेच्या निवडीनेच बराचसा सुटू शकतो. शोषखड्ड्याकडे मैला वाहून जाण्यासाठी नळाला निदान पंधरास एक असा उतार लागतो आणि पावसाचे पाणी आत शिरू नये म्हणून जोते उंच घेतले जाते. ४५ सेंमी. उंचीच्या जोत्यावर चाकाची खुर्ची चढविण्यासाठी बारास एक या मान्य प्रमाणाने ५.४ मी. लांबीचा उतरता मार्ग बांधावा लागेल. त्याचा खर्च कित्येकदा मूळ बांधकामाइतका होतो. मेळघाटातील जमीन बहुधा चढउताराची असल्याने शौचालय चढाच्या अंगास व खड्डे उताराच्या अंगास घेतल्यास दार जमिनीच्या पातळीवर ठेवता येते आणि नळाला लागणारा उतार आपोआप मिळतो. मात्र चढावरून येणारे पावसाचे पाणी वळविण्यासाठी मागील बाजूस चर खोदणे आवश्यक असते. काळ्या कातळाच्या भेगांतून दूषित पाणी दूरवर झिरपू शकते. म्हणून विहीर व हातपंप यांपासूनचे अंतर येथे नेहमीपेक्षा अधिक ठेवावे.

सपाट वऱ्हाडात याउलट स्थिती असते. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तडकते. पुरेसा पाया न घेता जोत्याला नुसता टेकविलेला उतरता मार्ग एकदोन वर्षांत खचतो आणि जोड ठिकाणी दोनतीन सेंमी. उंचीची पायरी तयार होते. चाकाच्या पुढच्या लहान चाकांस व पाय ओढत चालणाऱ्या वृद्धास एवढी पायरीही पुरेशी घातक असते. खालील काळी माती काढून मुरूम भरणे व उतरत्या मार्गाचा पाया जोत्याइतकाच खोल नेणे, हाच यावर उपाय होय.

आतील परिमाणे : चाकाची खुर्ची उभी राहण्यास सु. ०.९ × १.२ मी. आणि जागच्या जागी पूर्ण वळण्यास १.५ मी. व्यासाचे मोकळे वर्तुळ लागते. दाराची मोकळी रुंदी शक्यतो ९० सेंमी. असावी. सार्वजनिक इमारतीतील स्वतंत्र सुगम शौचालयासाठी साधारणतः २.२ × २ मी. एवढी जागा सुचविली जाते. घरात एवढी जागा मिळत नसल्यास न्हाणी व शौचालय यांमधील भिंत काढून टाकणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. दोन अपुऱ्या जागा मिळून एक पुरेशी जागा होते. शौचाची व स्नानाची जागा एक करण्यास अनेक कुटुंबांचा विरोध असतो आणि तो समजण्यासारखा आहे. अशा वेळी भिंतीऐवजी पडदा किंवा सरकता आडोसा ठेवून दोन्ही हेतू साधता येतात.

प्रत्येकाला वळणाचे वर्तुळ लागतेच असे मात्र नाही. काठीने चालणाऱ्या व्यक्तीस फार मोठी खोली उलट गैरसोयीची होते, कारण आधाराच्या दोन ठिकाणांत अंतर पडते. ज्या रुग्णास दुसऱ्याने धुवावे व उचलावे लागते, त्याच्यासाठी आसनाच्या एका बाजूस सेवकास वाकून उभे राहता येईल एवढी, निदान ७५ सेंमी. रुंद जागा सोडावी. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथील शंकरबाबा पापळकर (पद्मश्री २०२४) यांच्या बालगृहासारख्या, टाकून दिलेल्या अपंग मुलांना प्रौढपणीही सांभाळणाऱ्या संस्थांचा विचार केल्यास या जागेचे महत्त्व लक्षात येते : उचलावयाच्या व्यक्तीचे वजन वाढत जाते आणि सेवकाचे वयही.

शौचाचे आसन : उकिडवे बसण्यात गुडघा व खुबा जवळजवळ पूर्ण वाकतात, आणि त्या स्थितीतून उठताना शरीराचा सारा भार गुडघ्यांवर येतो. काही वृद्धांना उठताक्षणी रक्तदाब उतरून भोवळ येते. उंच आसन हा यावरील सर्वमान्य उपाय आहे. मानकांत त्याची उंची ४५ ते ४८ सेंमी. दिलेली असते. ही उंची चाकाच्या खुर्चीवरून बाजूने सरकून बसण्यासाठी योग्य आहे. परंतु बुटक्या बांध्याच्या वृद्धेचे पाय त्यावर बसल्यावर अधांतरी राहतात व तिला जोर लावता येत नाही. म्हणून खुर्ची वापरणाऱ्यासाठी खुर्चीच्या बैठकीएवढी आणि चालणाऱ्यासाठी टाचेपासून गुडघ्याच्या मागील घडीपर्यंतच्या अंतराहून दोनतीन सेंमी. अधिक उंची ठेवणे इष्ट. हे माप सुतळीने दोन मिनिटांत घेता येते. ते न घेता बाजारातील तयार आसन बसविण्याची चूक फार सामान्य आहे.

पाण्याची टंचाई असलेल्या गावात टाकीचे धुणे असलेले पाश्चात्त्य आसन बसविणे शहाणपणाचे नाही. ग्रामीण शौचालयातील तीव्र उताराच्या भांड्यास दीड-दोन लिटर पाणी पुरते, तर टाकीच्या आसनास एका वेळी त्याच्या कितीतरी पट लागते आणि ते पाणी बहुधा घरातील स्त्रीनेच डोक्यावरून आणलेले असते. असलेल्या भांड्यावर मध्ये भोक असलेली भक्कम खुर्ची ठेवणे किंवा भांड्याच्या दोन्ही अंगांस विटांचे कट्टे बांधून वर गुळगुळीत आसन बसविणे, हे पर्याय त्यामुळे अधिक टिकाऊ ठरतात. खुर्चीचे पाय रबरी टोपणांचे व फाकलेले असावेत, चाकांचे नसावेत. तिच्या भोकाखाली नरसाळ्यासारखा भाग लावल्यास शिंतोडे उडत नाहीत. धुण्याचे पाणी बसल्या जागी, चांगल्या हाताच्या बाजूस व मागे न वळता घेता येईल असे ठेवावे.

याला एक अपवाद नेहमी विसरला जातो. लहानपणी पोलिओ होऊन दोन्ही पाय गेलेल्या व हातांच्या आधाराने जमिनीवरून सरकणाऱ्या व्यक्तीस ४५ सेंमी. उंच आसन म्हणजे एक भिंतच होय. तिच्यासाठी भांडे जमिनीलगतच ठेवून भोवती १५-२० सेंमी. उंचीचा गुळगुळीत ओटा करावा, वाट कोरडी व खडे नसलेली ठेवावी आणि कडी, नळ व दिव्याचे बटण हे सर्व खाली आणावे. जमिनीवर तळहात टेकावा लागणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने स्वच्छता हीच पहिली सुगमता असते.

स्नानाची व्यवस्था : जमिनीवर पाटावर बसून स्नान करण्याची रीत वृद्धास उकिडव्या शौचाइतकीच कष्टाची पडते. त्याऐवजी पाठ व हात असलेली खुर्ची किंवा बांधीव ओटा (उंची ४० ते ४५ सेंमी.) ठेवावा. पुष्कळदा ओटा बांधला जातो, पण बादली जमिनीवरच राहते आणि प्रत्येक तांब्यासाठी वाकावे लागते. तोल जाण्याचे हे मुख्य कारण आहे. बादली वा गुंड ठेवण्यासाठी आसनाशेजारी सु. ३० सेंमी. उंचीची वेगळी घडवंची असावी. भरलेली मोठी बादली पंधरा-वीस किग्रॅ. वजनाची होते, ती वृद्धाने न हलविता तेथेच भरली जाईल, अशी सोय केली पाहिजे.

फार गरम पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व रक्तदाब उतरतो. स्नानानंतर घाईने उठू नये आणि अंग पुसणे व कपडे घालणे बसूनच व्हावे. त्यासाठी कोरडे कपडे बसल्या हाताला लागतील असे खुंटीवर ठेवावेत. कुष्ठरोगाने किंवा दीर्घकालीन मधुमेहाने हातापायांची संवेदना गेलेल्यांस पाणी किती तापले आहे हे कळत नाही व नकळत भाजते. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीजवळ उभारलेल्या तपोवन या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीमुळे या जिल्ह्यास संवेदनाहीन हातापायांचा प्रश्न अपरिचित नाही. अशा घरात बादलीत आधी थंड व मग गरम पाणी घालण्याचा नियम कसोशीने पाळावा आणि पाण्याची पारख दुसऱ्याने करावी. वाकडी झालेली बोटे फिरकीच्या नळाला उपयोगी पडत नाहीत; तेथे मनगटाने वा कोपराने ढकलता येणारा दांड्याचा नळ लावावा.

आधारदांड्या : हे सर्वांत स्वस्त व सर्वांत अधिक चुकीच्या रीतीने बसविले जाणारे साधन आहे. दांडीचा व्यास ३.५ ते ४ सेंमी., भिंतीपासून अंतर सु. ५ सेंमी. आणि आडव्या दांडीची उंची जमिनीपासून सु. ७० सेंमी. असावी. भिंतीपासूनचे अंतर याहून अधिक ठेवल्यास घसरलेला हात मनगटापर्यंत आत शिरून अडकतो. दांडीने माणसाचा संपूर्ण भार झटक्याने आला तरी तो पेलला पाहिजे. टॉवेलची सळई ही आधारदांडी नव्हे. परंतु पडणारा माणूस ती धरतोच. तेव्हा हाताशी येणारी प्रत्येक वस्तू एक तर भार पेलणारी असावी, नाही तर तेथे नसावी.

पक्षाघाताच्या रुग्णाबाबत एक बारकावा आहे. आत जाताना त्याची चांगली बाजू ज्या भिंतीकडे असते, बाहेर येताना तीच भिंत त्याच्या लुळ्या बाजूस येते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस दांडी हवी. एकाच बाजूस लावलेल्या दांडीमुळे रुग्ण आत जातो, पण परतताना पडतो.

कुडाच्या भिंतीत खिळा वा बोल्ट भार धरत नाही. धारणीसारख्या भागात त्यामुळे दांडी भिंतीला न लावता स्वतंत्र खांबांवर घ्यावी. आसनाच्या दोन्ही अंगांस सागवानी खांब किंवा लोखंडी नळ निदान ६० सेंमी. खोल गाडून खळगा काँक्रीटने भरावा व त्यांना आडवी दांडी जोडावी. लाकडाचा जमिनीतील भाग वाळवी व ओल यांपासून वाचविण्यासाठी त्यास डांबर लावतात. बांबू वापरल्यास तो भरीव व तासलेला असावा आणि दरवर्षी बदलावा. दर्यापूर, अकोट यांसारख्या खारपाणपट्ट्यातील तालुक्यांत भूजल खारे असल्याने साधे लोखंड लवकर गंजते. गंज प्रथम बोल्टांच्या मुळाशी, डोळ्यांस न दिसणाऱ्या जागी धरतो. तेथे दांडी व तिचे बोल्ट ही दोन्ही न गंजणाऱ्या पोलादाची घ्यावीत. दांडी चांगली आणि बोल्ट साधे, अशी काटकसर घातक ठरते.

जमीन, दार व प्रकाश : घासून चकचकीत झालेली शहाबादी फरशी व गुळगुळीत चिनीमातीच्या लाद्या ओल्या झाल्यावर धोकादायक होतात. विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका जमतो आणि मेळघाटातील पावसाळ्यात शेवाळ धरते. त्यामुळे खरखरीत जमीनही घासून स्वच्छ ठेवावी लागते. फरशीवर टाकीने खाचा मारणे किंवा सिमेंटच्या ओल्या थरावर खराट्याने आडव्या रेघा ओढणे हे स्थानिक गवंड्यास सहज जमणारे उपाय होत. पाणी अडविण्यासाठी मोरीला घातलेला काठ काढून टाकून जमिनीस सु. पन्नासास एक असा मोरीकडे उतार द्यावा आणि दारात जाळीची अरुंद पन्हळ घ्यावी. पायपुसणी सैल असू नयेत.

दार बाहेर उघडणारे किंवा सरकते असावे. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला अडतो व मदतीस आलेल्यांना दार ढकलता येत नाही. कडी बाहेरूनही उघडता येईल अशी असावी. घंटेला बांधलेली दोरी आसनाजवळून थेट जमिनीपर्यंत सोडावी, कारण तिची खरी गरज पडलेल्या माणसाला असते. विजेचा भरवसा नसलेल्या गावात गुरांच्या गळ्यातील घंटाही हे काम उत्तम करते. खाटेपासून स्नानगृहापर्यंत रात्रभर मंद उजेड असावा. मोतीबिंदू झालेल्यास पांढऱ्या लादीवरील पांढरे भांडे दिसत नाही. म्हणून जमीन, आसन व दांड्या यांचे रंग एकमेकांहून ठळकपणे वेगळे ठेवावेत. याला रंगाच्या एका डब्याहून अधिक खर्च येत नाही.

कायदा व अर्थसाहाय्य : अपंग व्यक्तींसाठी १९९५ च्या व त्याची जागा घेणाऱ्या २०१६ च्या अधिनियमाने सार्वजनिक इमारती सुगम करण्याची तरतूद केली. २०१६ च्या अधिनियमाखालील नियम २०१७ मध्ये निघाले आणि जुन्या सार्वजनिक इमारतींसाठी तेव्हापासून पाच वर्षांची मुदत होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात असा निर्णय दिला की, केवळ शिफारशीच्या स्वरूपातील मार्गदर्शक तत्त्वे पुरेशी नाहीत व केंद्र शासनाने बंधनकारक किमान मानके ठरवावीत. रुग्णालय, शाळा, बसस्थानक, तहसील कार्यालय ही सर्व ठिकाणे या कायद्याच्या कक्षेत येतात. तालुक्याच्या ठिकाणी त्याचे महत्त्व शहराहून अधिक असते, कारण तीसचाळीस किमी. वरून आलेल्या रुग्णास वा निवृत्तिवेतनधारकास दुसरा पर्याय नसतो.

खाजगी घरापर्यंत मात्र हा कायदा पोहोचत नाही. ग्रामीण घरगुती शौचालयासाठी स्वच्छ भारत अभियानात देण्यात येणाऱ्या १२,००० रुपयांच्या प्रोत्साहनपर रकमेत ठरावीक मापाचे साधे बांधकाम होते. अपंगांच्या घरातील शौचालयासंबंधी केंद्र शासनाने २०१५ मध्ये मार्गदर्शक पुस्तिका काढली. तीतील बरेच उपाय बांबू, लाकूड व विटा यांचेच आहेत. आधी नेहमीच्या मापाचे शौचालय बांधून मग त्यात सुधारणा करण्यापेक्षा, पाया आखतानाच दार १५ सेंमी. अधिक रुंद व भिंत ३० सेंमी. पुढे घेणे पुष्कळ स्वस्त पडते. घरात आज कोणी वृद्ध वा अपंग नसला, तरी हा वाढीव खर्च करून ठेवण्यास हरकत नाही.

देखभाल : पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर दांड्या दोन्ही हातांनी ओढून पाहाव्यात, खुर्चीच्या पायांची रबरी टोपणे बदलावीत, शेवाळ खरवडून काढावे आणि उतरत्या मार्गाच्या जोडातील फट भरून घ्यावी. व्यक्तीची स्थितीही बदलत असते. आज काठीने चालणारा माणूस दोनतीन वर्षांनी खुर्चीवर येऊ शकतो. पक्षाघातातून सावरणारा रुग्ण खुर्ची सोडून चालूही लागतो. त्यामुळे आसनाची उंची व दांडीची जागा वर्षातून एकदा त्या व्यक्तीस बसवून पुन्हा मोजावी लागते.